कवठ, येमाई आणि फेरोनिया

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात कवठे येमाई नावाचे गाव आहे. सांगली जिल्ह्यात कवठे महांकाळ आहे. कवठाच्या झाडांवरून अशा गावांना कवठे म्हणू लागले, असे मानतात. पण कवठे एकच असते तर भागले असते. कवठे अनेक झाल्यावर नुसत्या 'कवठे' या नावाने पत्र पोहोचेना, तेव्हा पुढे ओळखीची खूण जोडावी लागली. एकाला येमाई देवीची, दुसऱ्याला महांकाळाची. याच शिरूर तालुक्यात वडगाव रासाई आहे, शेजारच्या आंबेगावात वडगाव काशिंबेग आहे आणि पुण्याच्या पश्चिमेला वडगाव मावळ. पहिला शब्द जातीचा, दुसरा त्या जातीतल्या एकाची ओळख पटविणारा.

कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली 'स्पेसीज प्लांटारम' या ग्रंथात सगळ्या वनस्पतींना नावे दिली ती याच रीतीने. त्याच्या आधी एकेका वनस्पतीचे नाव म्हणजे लॅटिनमधले लांबलचक वर्णनच असे, तेही प्रत्येक पंडिताचे वेगळे. लिनियसने प्रजातीचे एक नाव आणि त्यापुढे जातीचा एक शब्द, एवढ्यावर काम भागविले. आपल्या गावकऱ्यांनी ही युक्ती कोणा शास्त्रज्ञाला न विचारताच वापरली होती. बुद्रुक आणि खुर्द हे आपले फारसीतून आलेले शब्द म्हणजे लॅटिनमधले मेजर आणि मायनर. आकाशातल्या ऊर्सा मेजर आणि ऊर्सा मायनर या तारकासमूहांना आपण खुशाल अस्वल बुद्रुक आणि अस्वल खुर्द म्हणावे. सप्तर्षी पहिल्यात सापडतात, ध्रुवतारा दुसऱ्यात.

हे सांगण्याचे कारण असे की, लॅटिन नाव किंवा लॅटिनपासून आलेला अवघड इंग्रजी शब्द दिसला की आपल्याकडे तो पाठ करण्याची वस्तू होऊन बसतो. शिक्षक फळ्यावर लिहितात, विद्यार्थी वहीत उतरवतात, स्पेलिंग घोकतात आणि परीक्षा संपली की विसरतात. आम्हीही यातूनच गेलो. महाविद्यालयात असताना तोंडी परीक्षेत कवठाची फांदी पुढे ठेवून नाव विचारले गेले. आम्ही तत्परतेने 'फेरोनिया एलिफंटा' असे उत्तर दिले. परीक्षक म्हणाले, "घारापुरीला सहल गेली होती वाटतं?" बरोबर नाव होते फेरोनिया एलिफॅन्टम. एलिफॅन्टम म्हणजे 'हत्तींचे', ही षष्ठी विभक्ती आहे, हे कोणी एका वाक्यात सांगितले असते तर तो गुण गेला नसता. तो गेल्याचे दुःख आता नाही. पण त्या दोन शब्दांमागे केवढा मोठा इतिहास उभा आहे हे कळायला आम्हाला पुढे बरीच वर्षे लागली, याची चुटपुट मात्र आहे.

हे नाव दिले जोझे कोरिया द सेरा या पोर्तुगीज धर्मगुरूने. हा गृहस्थ मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ होता आणि त्या सुमारास लंडनमध्ये राहत होता. १८०० साली तेथील लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात त्याने लिंबाच्या कुळातल्या दोन नव्या प्रजातींचे वर्णन छापले. एक आपला बेल, दुसरे आपले कवठ. बेलाला त्याने एग्ली हे नाव दिले आणि कवठाला फेरोनिया. एग्ली ही ग्रीक पुराणकथांतील हेस्पेरिडीस नावाच्या अप्सरांपैकी एक. पश्चिमेच्या टोकाला असलेल्या बागेतील सोन्याच्या सफरचंदांची राखण या अप्सरा करीत. ही सोन्याची फळे म्हणजे संत्री असावीत अशी पुढे समजूत झाली. म्हणूनच संत्रे, मोसंबे, लिंबू या प्रकारच्या फळाला वनस्पतिशास्त्रात 'हेस्पेरिडियम' हा शब्द रूढ झाला. आपल्या पुस्तकांत तो कोणतीही ओळख न देता अचानक समोर येतो.

फेरोनिया मात्र ग्रीक नव्हे, अस्सल इटलीची. रानांची आणि झऱ्यांची ही देवी. रोमच्या उत्तरेला कापेना या गावाजवळ तिची राई होती. तेथे जत्रा भरे, आसपासचे लोक शेतातले पहिले पीक देवीला वाहत आणि व्यापारी दुकाने मांडीत. रोमच्या दक्षिणेस तेराचिना येथे तिचे दुसरे ठाणे होते. तेथे गुलामांना मुक्त करण्याचा विधी होत असे. कापेनाजवळच्या देवळात एवढी संपत्ती साठली होती की, इ.स.पूर्व २११ मध्ये रोमवर चालून आलेल्या हॅनिबलच्या सैन्याने ते लुटले. देवराई, जत्रा, नव्या धान्याचा नैवेद्य हे सगळे आपल्या ओळखीचे आहे. ज्या गावाच्या नावात कवठ आणि देवी शेजारी शेजारी बसली आहेत, त्या गावातल्या झाडाला लंडनमध्ये बसलेल्या माणसाने एका रानदेवीचेच नाव द्यावे, हा निव्वळ योगायोग. योगायोगाला योगायोगच म्हणावे. फेरोनिया आणि येमाई यांचा काही संबंध आहे असे कोणी सांगू लागले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरा शब्द एलिफॅन्टम. येथे मात्र नुसता योगायोग नाही. हत्तीला कवठ आवडते ही गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. गणपतीच्या आवडत्या फळांत जांभळाबरोबर कपित्थ येते, ते हेच. संस्कृतात 'गजभुक्तकपित्थ' असा न्याय आहे. हत्तीने गिळलेले कवठ बाहेर पडते तेव्हा वरून अखंड दिसते पण आत गर नसतो, अशी समजूत. संपत्ती नकळत नाहीशी झाली की हा न्याय सांगत. इंग्रजीतही कवठाला 'एलिफंट ॲपल' म्हणतात. आपल्या 'कपित्थ' या नावात मात्र हत्ती नाही, वानर आहे. कपी जेथे राहतात ते कपित्थ, अशी त्याची फोड करतात. आणि 'कवठ' हे त्याच कपित्थाचे झिजून झालेले रूप. प स्वरांमध्ये सापडला की त्याचा व होतो. दीपाचा दिवा होतो, तसाच.

बेलाच्या नावाचा दुसरा भाग याहून मजेदार आहे. एग्ली मार्मेलोस. यातला मार्मेलोस हा शब्द कोरियाने दिलेला नाही, लिनियसने १७५३ मध्येच तो वापरला होता. पण लिनियसकडे तो आला कोठून? पोर्तुगीज भाषेत 'मार्मेलो' म्हणजे युरोपात होणारे क्विन्स नावाचे आंबटतुरट फळ. लॅटिनमधला 'मेलिमेलम' हा त्याचा पूर्वज, आणि त्याच्याही मागे ग्रीक शब्द, अर्थ 'मध-सफरचंद'. पोर्तुगीज लोक आपल्या देशात आले, त्यांनी बेलफळ पाहिले आणि त्यांना आपल्या घरच्या मार्मेलोची आठवण झाली. त्यांनी बेलफळाला 'बंगालचा मार्मेलो' म्हणायला सुरुवात केली. परक्या मुलुखात माणूस नव्या वस्तूला घरच्या वस्तूचे नाव देतो. आपणही रामफळाच्या जोडीला सीताफळ आणि मग हनुमानफळ केलेच की.

या बेलाची नोंद करणारा पहिल्या युरोपियनांपैकी एक होता गार्सिया द ऑर्ता. हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात स्थायिक झाला होता. १५६३ साली गोव्यातच त्याचा भारतीय औषधींवरचा संवादरूप ग्रंथ छापला गेला. वसईकडे या फळाला 'बेली' म्हणतात हे त्याला ठाऊक होते, आणि देशी वैद्यांकडे चौकशी केल्यावर त्यांच्या तोंडी असलेले 'श्रीफल' हे नावही त्याला कळले. त्याने दोन्ही नावे लिहून ठेवली. वसईच्या लोकांच्या तोंडचा शब्द असा छापील पोर्तुगीज पुस्तकात गेला. चारच वर्षांनी, १५६७ मध्ये, क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला छापला आणि गोव्यातले हे ज्ञान साऱ्या युरोपच्या हाती पडले. पोर्तुगीज वाचणारे थोडे होते. लॅटिन मात्र प्रत्येक शिकलेला माणूस वाचत असे.

पुढे १६७८ पासून १६९३ पर्यंत ॲमस्टरडॅमला 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ निघाला. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने तो केरळातल्या वैद्यांकडून माहिती घेऊन तयार करविला. मुख्य वैद्य होते इट्टी अच्युतन. त्यांच्या जोडीला रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. या तिघांनी १६७५ मध्ये दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात जसेच्या तसे छापले आहे. भाषा कोंकणी आणि लिपी देवनागरी. साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडमध्ये छापलेल्या जाडजूड लॅटिन पुस्तकात आपली बाराखडी पाहून आम्हाला जो आनंद झाला तो येथे सांगून कळणार नाही. लिनियस भारतात कधी आला नाही. आपल्याकडच्या असंख्य झाडांची ओळख त्याला या पुस्तकावरून झाली. तेव्हा लॅटिन नावे म्हणजे साहेबाने आपल्या डोक्यातून काढलेले काहीतरी, असे समजू नये. त्यांच्या पोटात वसईची बोली आहे, केरळी वैद्यांची स्मृती आहे आणि कोंकणी भटजींची साक्षही आहे.

आता एक आडवळण. मार्मेलोपासून पोर्तुगीज लोक जो घट्ट गोड पाक करीत तो 'मार्मेलाडा'. इंग्रजांनी तो शब्द उचलला, पुढे फळ बदलले, क्विन्सच्या जागी संत्रे आले, आणि पावाला लावायचे मार्मलेड तयार झाले. म्हणजे बेलाच्या शास्त्रीय नावात आणि मार्मलेडच्या बरणीवर एकच शब्द आहे. आपला मोरंबा मात्र याचा कोणी नव्हे. तो अरबी 'मुरब्बा'पासून आला.

हे सगळे आम्ही शिरूर भागातील शिक्षकांच्या एका मेळाव्यात सांगत होतो. कवठाचे शास्त्रीय नाव फेरोनिया एलिफॅन्टम असे फळ्यावर लिहिलेही. मागच्या बाकावरून एक बाई उठल्या. "पण आमच्या पुस्तकात लिमोनिया ॲसिडिसिमा आहे. कोणतं खरं?" आम्ही ठामपणे सांगितले की लिमोनिया ॲसिडिसिमा हे दुसरेच झाड, लहान फळांचे, काटेरी. बाई खाली बसल्या, पण त्यांचे समाधान झालेले दिसले नाही. घरी येऊन नवी पुस्तके पाहिली तेव्हा कळले की बाईंचे बरोबर होते. आम्ही सांगितले ते शंभर वर्षांपूर्वी बरोबर ठरले असते. हूकरच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतिकोशात, १८७० च्या दशकातल्या पहिल्या खंडात, लिमोनिया ॲसिडिसिमा हे नाव खरोखरच त्या दुसऱ्या झाडाला लावले आहे आणि कवठाला फेरोनिया एलिफॅन्टम म्हटले आहे. त्या दुसऱ्या झाडाला आता नरिंगी क्रेन्युलाटा म्हणतात. लिनियसने १७६२ साली दिलेले लिमोनिया ॲसिडिसिमा हे नाव कवठाचेच, असे आता मानले जाते. जुन्या नावाचा मान आधी, असा वनस्पतिशास्त्राचा नियम असल्यामुळे १८०० सालच्या फेरोनियाला मागे हटावे लागले. जिल्ह्याच्या वाचनालयातले जुने पुस्तक आणि शाळेतले नवे पुस्तक हाताशी असलेल्या शिक्षकाने ही गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी. नाव तेच, झाड वेगळे, असे येथे घडते. आम्ही बाईंना पत्र लिहून आमची चूक कळविली.

फेरोनिया गेली याची थोडी हळहळ वाटते. पण नवे नावही बोलके आहे. लिमोनिया म्हणजे लिंबासारखे. हा शब्द अरबी-फारसीतून युरोपात गेला. आणि ॲसिडिसिमा म्हणजे 'सर्वांत आंबट'. ॲसिडस म्हणजे आंबट, त्यापासूनच रसायनशास्त्रातला ॲसिड. आपणही त्याला आम्ल म्हणतो, म्हणजे आंबटच. शेवटचा '-इसिमा' हा तमभाव दाखवितो. लॅटिनमध्ये तमभावाचा आणखी एक प्रत्यय आहे, '-टिमस'. ऑप्टिमस म्हणजे सर्वोत्तम, त्यावरून ऑप्टिमम. अल्टिमस म्हणजे अखेरचा, त्यावरून अल्टिमेट. इंटिमस म्हणजे सर्वांत आतला, त्यावरून इंटिमेट. हा '-टिमस' आणि आपल्या उच्चतम, लघुतम यांतला 'तम' हे सख्खे भाऊ आहेत.

येथे लॅटिन आणि संस्कृत यांच्या नात्याचा प्रश्न येतो. १७८६ साली विल्यम जोन्सने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील व्याख्यानात असे मांडले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातले साम्य अपघाताने आलेले असू शकत नाही, आणि त्या कोणा एका समान, कदाचित आता लुप्त झालेल्या भाषेतून निघाल्या असाव्यात. (जोन्सला झाडांचेही वेड होते. सीतेच्या अशोकाला रॉक्सबर्गने त्याच्यावरून जोनेशिया असोका असे नाव दिले होते. तेही पुढे बदलले, आता ते सराका असोका.) हे नाते वर्गात फार उपयोगी पडते. भूगोलात इग्निअस रॉक येतो. लॅटिन 'इग्निस' म्हणजे आपला अग्नी, आणि आपण त्या खडकाला अग्निजन्य म्हणतो. प्राणिशास्त्रात घोड्याची प्रजाती इक्वस, तो आपला अश्व. मेंढीची ओव्हिस, ती संस्कृतातली अवि. गाईची बोस, ती गो. हायबरनेशन हा शब्द मुलांना अवघड जातो. त्याच्या मुळाशी लॅटिन 'हिबर्नस' आहे, म्हणजे हिवाळ्याचा, आणि त्याचे मूळ व आपल्या 'हिम' शब्दाचे मूळ एकच. हिमापासून हिव आणि हिवाळा झाला. त्याचा जोडीदार एस्टिव्हेशन हा शब्द लॅटिनमधल्या उन्हाळ्याच्या नावावरून, 'एस्टास'वरून आला. आपण या दोघांना शीतनिद्रा आणि ग्रीष्मनिद्रा म्हणतो. मराठी माध्यमातल्या मुलाला शब्द ऐकताच अर्थ कळतो. इंग्रज मुलाला तो कोशात पाहावा लागतो. आपल्या परिभाषेची थट्टा करणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण लक्षात घ्यावे.

पण यात एक मोठा खड्डा आहे आणि त्यात पडणारे विद्वान आपल्याकडे पुष्कळ आहेत. साम्य दिसले की 'हे आमच्या संस्कृतातूनच गेले' असे म्हणण्याचा मोह होतो. लॅटिन ही संस्कृतची मुलगी नव्हे. दोघी बहिणी आहेत आणि आई आता हयात नाही. शिवाय नुसते कानाला सारखे वाटणे हा पुरावा नव्हे. फारसीतला 'बद' आणि इंग्रजीतला 'बॅड', दोघांचा अर्थ वाईट, उच्चार जवळजवळ एकच, आणि तरी त्यांचे एकमेकांशी काहीही नाते नाही. लॅटिनमधला देववाचक 'देउस' आपल्या देवाचा भाऊबंद आहे, पण त्याच अर्थाचा ग्रीक 'थिओस' नाही. नाते ठरते ते ध्वनी नियमाने बदललेले दाखविता आले तरच. एका भाषेत जेथे जेथे अमुक ध्वनी, तेथे तेथे दुसरीत तमुक, असे अनेक शब्दांत दिसावे लागते. हा प्रयोगशाळेइतकाच कडक हिशेब आहे.

कवठ्याच्या परिसरातच आणखी थोडे हिंडू. टाकळी हाजीकडे गेले की कुकडी नदी लागते. तिच्या पात्रातले रांजणखळगे प्रसिद्ध आहेत. पलीकडच्या काठावर निघोज. भोवऱ्यात सापडलेले गोटे काळ्या कातळावर गरगर फिरत राहतात आणि हजारो वर्षांत रांजणासारखे खोल खड्डे पडतात. भूगोलाच्या पुस्तकात यासाठी दोन इंग्रजी शब्द येतात, इरोझन आणि ॲब्रेझन. मुले त्यांची हमखास अदलाबदल करतात. इरोझनच्या मुळाशी लॅटिन 'रोडेरे' आहे, म्हणजे कुरतडणे. उंदराला आणि खारीला रोडन्ट म्हणतात ते याच क्रियापदावरून. ॲब्रेझनच्या मुळाशी 'राडेरे', खरवडणे. दाढीचा रेझर आणि खोडरबर म्हणजे इरेझर त्याच घरातले. संस्कृतात 'रद' म्हणजे खरवडणे, आणि रदन म्हणजे दात. तेही या मंडळींचे नातलग. नदी खडक कुरतडते ते इरोझन, गोट्यांनी खरवडते ते ॲब्रेझन. कुकडीच्या खळग्यात हात घालून गुळगुळीत भिंत चाचपली की या दोन शब्दांत पुन्हा घोटाळा होत नाही.

तो काळा कातळ बसाल्ट. या शब्दाची कथा शिक्षकांना दिलासा देणारी आहे. पहिल्या शतकातल्या प्लिनीच्या लॅटिन ग्रंथात एका कठीण दगडाचे नाव 'बसानाइटीस' होते. ग्रीक 'बासानोस' म्हणजे कसोटीचा दगड, सोने घासून पाहण्याचा. हाताने नकला करताना कोण्या लेखनिकाने त्याचे 'बसाल्टीस' केले असे भाषातज्ज्ञ मानतात. १५४६ साली ॲग्रिकोलाने जर्मनीतल्या एका काळ्या खडकाला तो शब्द लावला आणि लेखनिकाची चूक कायमची भूगर्भशास्त्रात जाऊन बसली. सह्याद्री ज्याचा बनला आहे त्या खडकाचे जगप्रसिद्ध नाव हे शुद्धलेखनाची चूक आहे. स्पेलिंग चुकलेल्या मुलाला मारण्यापूर्वी हे आठवावे.

चुकांची नावे आणखी आहेत. शिरूर तालुक्यातच मोराची चिंचोली आहे. गावाच्या नावात चिंच आणि मोर दोन्ही आले. चिंचेला अरब व्यापारी 'तमर-हिंदी' म्हणत, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचा 'तमरिंडस' झाला. लिनियसने त्यापुढे 'इंडिका' जोडले, म्हणजे पुन्हा हिंदुस्थानचा. दोन शब्दांच्या नावात हिंदुस्थान दोनदा आला, खजूर एकदा आला, आणि झाड मूळचे आफ्रिकेतले! मोराचे नाव मात्र सरळ आहे, पावो क्रिस्टाटस, तुरेवाला मोर. 'पावो'पासूनच जुन्या इंग्रजीत मोराचे नाव आले आणि ते पीकॉकच्या पहिल्या अक्षरात उरले आहे. त्या 'पी'चा वाटाण्याशी संबंध नाही. मोरासारखा या अर्थी इंग्रजीत 'पॅव्होनाइन' असे एक विशेषण आहे. ते फारसे कोणी वापरत नाही, पण घोड्याचे इक्वाइन आणि गाईचे बोव्हाइन ज्याला कळले त्याला ते कोशाशिवाय कळते. ग्रंथात अनोळखी शब्द भेटला तर घाबरू नये, एवढ्यासाठीच ते येथे दिले.

आणि बिबट्या. शिरूर-जुन्नरच्या उसात तो आता घरचाच झाला आहे, आणि या भागातल्या शाळांना त्याची काळजी वाटते ती पुस्तकी नाही. लेपर्ड हा शब्द 'लिओ' म्हणजे सिंह आणि 'पार्डस' म्हणजे ठिपक्यांचा बिबळा यांची जोड आहे. सिंह आणि पार्ड यांच्या संकरातून हा प्राणी होतो, असे प्राचीन लोकांना वाटे. तो गैरसमज केव्हाच गेला, नाव राहिले. संस्कृतात त्याला 'द्वीपी' म्हणतात, अंगावर बेटांसारखे ठिपके असलेला. आम्हाला हे नाव लेपर्डहून सरस वाटते, कारण ते पाहून दिलेले आहे. बिबट्याच्या हालचालींच्या वेळेबद्दल इंग्रजी लेखांत 'नॉक्टर्नल'च्या जोडीला 'क्रेपस्क्युलर' असा एक शब्द येतो. लॅटिन 'क्रेपुस्कुलम' म्हणजे तिन्हीसांज. उजेड पुरता गेलेला नाही आणि अंधार पुरता पडलेला नाही अशा वेळी वावरणारा तो क्रेपस्क्युलर. मेळाव्यात हा शब्द सांगितला तेव्हा मघाच्याच बाई म्हणाल्या, "आमची मुलं शाळेतून वस्तीवर पोचतात ती हीच वेळ." त्यानंतर काही वेळ कोणी बोलले नाही. आम्हीही पुढचा शब्द जरा थांबूनच घेतला.

आमच्या पत्राला बाईंचे उत्तर आले. त्यांच्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी डाळिंबाची बाग आहे. त्याने विचारले होते की हातबॉम्बला ग्रेनेड का म्हणतात आणि त्याचा डाळिंबाच्या पॉमग्रॅनेट या नावाशी संबंध आहे का. आहे. 'पोमम' म्हणजे फळ आणि 'ग्रानाटम' म्हणजे दाणेदार. बॉम्ब पहिल्यांदा बनले तेव्हा ते आकाराने डाळिंबाएवढे होते आणि आत दाण्यांसारखी दारू भरलेली असे, म्हणून फ्रेंचांनी त्यांना डाळिंबाचेच नाव दिले. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल खडा तो गार्नेट. डाळिंबाचे शास्त्रीय नाव प्युनिका ग्रॅनेटम. त्यातला प्युनिका म्हणजे कार्थेजचे. डाळिंब मूळचे इराणकडचे, पण रोमनांना ते उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजकडून मिळाले, म्हणून त्यांनी ते कार्थेजचे ठरविले. फेरोनियाचे देऊळ लुटणारा हॅनिबल याच कार्थेजचा.